आमच्या गावाला पहिल्यांदाच नगरसेवक मिळालेत आणि मला चक्क राजकारणात रस वाटायला लागलाय

मुठाकाठचा

मंडळी, राजकारणाच्या विभागात माझा हा पहिलाच धागा. आजवर इथे नुसता वाचायचो आणि भांडणं रंगली की चहा घेऊन बसायचो. दोन गोष्टी आधीच सांगतो, मी कुणाला मत दिलं ते विचारू नका, आणि प्रतिसादात पक्षांची नावं काढून धाग्याचा नेहमीचा तमाशा करू नका.

तर झालंय असं. आम्ही राहतो सिंहगड रोडच्या पुढे, ३० जून २०२१ ला जी २३ गावं पुणे महापालिकेत घेतली त्यातल्या एका गावात. (नाव मुद्दाम देत नाही, सोसायटीतले काही जण इथे वाचतात.) आता जरा तारखा बघा. जून २०२१ मध्ये आमची ग्रामपंचायत गेली. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. मधल्या काळात जे नगरसेवक होते ते आमचे नव्हतेच, आम्ही त्यांना निवडून दिलंच नव्हतं. मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, तीन नगरसेवकांचा प्रभाग की चारचा, सुप्रीम कोर्टात तारखांवर तारखा, मे २०२५ मध्ये कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली, आणि १५ जानेवारीला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान एकदाचं पार पडलं. म्हणजे साडेचार वर्षं आमच्याकडे ना सरपंच ना नगरसेवक. मिळकतकराचं बिल मात्र वेळेवर. सरपंच होता तेव्हा निदान त्याला संध्याकाळी पारावर गाठून चार शब्द सुनावता यायचे.

मी स्वतः मतदानाच्या बाबतीत पार कोरडा झालेलो. २००९ ला हौसेने दिलं, २०१४ ला जोरात दिलं (तेव्हा सगळेच जोरात होते), आणि २०१९ च्या विधानसभेनंतर राज्यात जे काय झालं, सकाळी दात घासता घासता टीव्ही लावावा तर शपथविधी उरकलेला, त्यानंतर जे मन उडालं ते उडालंच. बटण कुठलंही दाबा, माणूस शेवटी कुणाच्या मांडवात जेवायला बसेल त्याचा भरवसा नाही. २०२४ ला लोकसभेच्या दिवशी मी लोणावळ्याला. विधानसभेला घरीच होतो पण गेलो नाही. बायको जाऊन आली, तिने शाई लावलेलं बोट नाचवून दाखवलं, मी मटण शिजलं का बघत होतो.

मग जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस आला. गुलियन बॅरे, पेपरात वाचलं असेल सगळ्यांनी. पुणे आणि आसपास मिळून दोनशेच्या घरात रुग्ण, त्यातला मोठा गठ्ठा आमच्याच पट्ट्यातला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ही बाजू. हातापायातली ताकद जाते, काही जणांना व्हेंटिलेटरवर ठेवायची वेळ आली, काही गेले. पाण्यातून येणाऱ्या जंतूकडे बोट गेलं. या भागात पाणी यायचं विहिरीतून, शुद्धीकरण केंद्र नाही, नुसती क्लोरिनची मात्रा. खडकवासला धरण गच्चीवरून दिसतं हो आम्हाला! धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकू आहेत, निवृत्त आरोग्यसेविका. आयुष्यभर गावोगाव ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरिनची तपासणी, केलेली बाई. त्यांनी कुणाला न विचारता काम सुरू केलं. सकाळी पाणी आलं की पार्किंगमधल्या नळाखाली काचेची छोटी नळी धरायची, बाटलीतले थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. पट्टीवरच्या रंगाशी जुळवून आकडा वहीत लिहायचा. नळाला निदान ०.२ तरी यायला हवं म्हणे. सुरुवातीला आम्ही हसलो, मग बाकीच्या दोन बिल्डिंगमधल्या बायका पण करायला लागल्या, मग पलीकडच्या वस्तीतला एक रिक्षावाला आकडे पाठवायला लागला आणि काही महिन्यांत शंभर पानी वह्या भरल्या. माझ्याकडे काम काय आलं तर ते सगळं एक्सेलमध्ये चढवायचं. तेव्हा दिसलं की ठरावीक वारांना शेवटच्या टोकाच्या घरांत क्लोरिन पोचतच नाही. हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे ज्याला माहीत असायला हवं होतं त्याच्याही टेबलावर नव्हतं.

आणि मग निवडणूक लागली. आम्ही सगळ्या उमेदवारांना निरोप दिला, रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये या, हार नाहीत, माईक नाही, प्रत्येकाला दहा मिनिटं. मला वाटलं कुणी येणार नाही. चारच्या प्रभागात उमेदवार ढिगाने असतात, त्यातले निम्मे आले. काकू वही मांडीवर घेऊन पहिल्या खुर्चीत. एक जण म्हणाला चोवीस तास पाणी देऊ. काकू म्हणाल्या, "ते राहू दे. ओटी म्हणजे काय सांग." तो इकडे तिकडे बघायला लागला आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या पोराने मोबाईल काढला, सगळे खो खो हसले. पण एक पोरगी होती, महिला जागेवर उभी राहिलेली, तिने भाषणच केलं नाही. वही मागितली आणि जिन्याच्या पायरीवर बसून पानं उलटत राहिली, मधेच विचारलं की हा मंगळवारचा आकडा नेहमीच खाली का आहे, मंगळवारी पाणी कोण सोडतं? तिची दहा मिनिटं अशीच संपली.

१५ तारखेला मी सकाळी साडेसातला रांगेत.

ती पोरगी पडली. निवडून आलेल्या चौघांपैकी दोघे अजून आमच्याकडे फिरकलेले नाहीत. पण पडलेली ती पोरगी निकालानंतर परत आली, पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला सोबत घेऊन, आणि निवडून आलेल्यांपैकी एक बाई, वेगळ्या पॅनेलच्या, त्यांना पण तिने फोन करून बोलावलं. ज्यांनी एकमेकींच्या विरोधात महिनाभर प्रचार केला त्या दोघी आमच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून व्हॉल्वच्या वेळा लिहून घेत होत्या. फार मोठं काही झालेलं नाही. पाणी सोडायची वेळ आता आदल्या रात्री ग्रुपवर येते आणि मंगळवारचा आकडा सुधारलाय. एवढंच. पण मी गेली कित्येक वर्षं राजकारण म्हणजे टीव्हीवरची कुस्ती समजून चालत होतो आणि ही गोष्ट त्यात कुठेच बसत नाही, म्हणून लिहिलं.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? शिव्या घालणाऱ्यांचंही स्वागत, वर दिलेल्या अटीत बसवून.

दादरचा_विरक्त

लेख छान, मनापासून. पण थंड पाणी ओतायला कुणीतरी हवं म्हणून मी आलो.

काकू नसत्या तर? एक निवृत्त आरोग्यसेविका तुमच्या खाली राहते हा योगायोग. आमच्या बिल्डिंगमध्ये खाली बँकेचं एटीएम आहे. दुसरं म्हणजे यंत्रणा बघा. या निवडणुकीची प्रभागरचना २०११ च्या जनगणनेवर. पंधरा वर्षांत सिंहगड रोडला किती टॉवर उभे राहिले? कागदावर एका प्रभागात ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणसं, प्रत्यक्षात देव जाणे. चार नगरसेवक, काम झालं की चौघांचे फ्लेक्स, नाही झालं की प्रत्येक जण बाकी तिघांकडे बोट. मुंबईत निदान एका वॉर्डाला एक नगरसेवक आहे, शिवी कुणाच्या नावाने घालायची ते पक्कं ठाऊक असतं.

आणि यादीतली दुबार नावं, नावापुढे दोन चांदण्या छापलेल्या, बोटाला शाईऐवजी मार्कर, तो पुसला जातो की नाही यावर दिवसभर चॅनेलवाले. कितीतरी जागा तर मतदानाआधीच बिनविरोध. तिथल्या मतदाराने कुठली वही दाखवायची आणि कुणाला? मी या वेळी गेलो नाही आणि मला त्याचं काही वाटतही नाही.

खडूफळा

विरक्त, मार्करचं तुम्ही जरा पूर्ण सांगा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मार्कर २०११ पासून वापरत आलेत. या वेळी व्हिडिओ फिरले म्हणून गाजलं. वाळायच्या आत पुसला तर फिका पडतो हे खरंय, पण नुसती शाई पुसून दुसऱ्यांदा मत देता येत नाही, यादीत नावासमोर खूण झालेली असते, सही घेतलेली असते.

मी शिक्षक, निवडणूक ड्यूटी आमच्या पाचवीलाच पुजलेली. या वेळी पण होती. आदल्या दिवशी साहित्य घ्यायला रांग, मग बसने केंद्रावर, रात्री शाळेच्या बाकावर झोप, पहाटे मॉक पोल. मुठाकाठचा म्हणतात तशा रांगा सकाळी होत्या. पण मला सांगायचंय ते वेगळंच. चारच्या प्रभागात माणसाला चार मतं द्यायची असतात, अ ब क ड. पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी अशा रंगांच्या मतपत्रिका यंत्रावर. चारही बटणं दाबल्याशिवाय तो लांब बीप वाजत नाही. अर्धे लोक एक बटण दाबून निघाले! "अहो काका थांबा, अजून तीन राहिलीत" हे वाक्य दिवसभरात मी किती वेळा म्हटलं असेन. एक आजोबा तर म्हणाले, मला त्या एकालाच द्यायचंय, बाकीच्यांचं माझ्यावर काय उपकार? मग त्यांना नोटा समजावून सांगितलं. बाहेर जाताना म्हणतात कसे, "हे बरंय, नाही म्हणायला पण बटण आहे."

व्हीव्हीपॅट नव्हता हे मला वैयक्तिक पटत नाही. लोकसभेला सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि महापालिकेला काहीच नाही, लोक विचारतात तेव्हा आम्ही काय सांगायचं?

दादरचा_विरक्त

@खडूफळा, यादीतल्या खुणेचं मान्य. बाकी म्हणणं कायम.

शेवंता_७१

विरक्तभाऊ, योगायोगाची वाट बघत बसायची नसते, असं माझं मत. आमच्या साताऱ्याकडच्या गावात दारूचं दुकान होतं, एसटी स्टँडच्या समोर, शाळेच्या वाटेवर. २००८ च्या सरकारी आदेशाने बायकांना मतदान करून दुकान बंद करता येतं हे आम्हाला कळलं ते एका लग्नात, दुसऱ्या गावच्या पाहुणीकडून. आधी एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांच्या सह्या गोळा करायच्या, त्या सह्यांची पडताळणी होते, मग मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद.

पण यातली मेख ऐका. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं चालत नाहीत. गावात यादीवर जितक्या बायका आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला पडायला हव्यात. म्हणजे लग्न होऊन गेलेली, मुंबईला कामाला असलेली, वारलेली पण नाव न काढलेली, या सगळ्या दुकानाच्या बाजूने मोजल्यासारख्याच! म्हणून आम्ही आधी यादी धुऊन काढली. वाड्यावस्त्यांवर जाऊन विचारलं, कोण कुठे दिली, कोण गेली. मृत्यूचे दाखले जमा केले, नाव वगळायचा सात नंबरचा फॉर्म भरला. मतदानाच्या दिवशी मुंबईहून एक गाडी भरून लेकी आल्या.

पहिल्या खेपेला पडलो, थोडक्यात. दुसऱ्या खेपेला बाटली आडवी झाली. मधल्या काळात दुकानवाल्याने देवळाला रंग दिला होता, तरी.

तर सांगायचं हे की त्या यादीच्या कामामुळे आमच्यातल्या दोघी पुढे ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. ५० टक्के आरक्षण २०११ पासून होतंच, पण आधी तिथे बाई नावाला आणि कारभार नवऱ्याचा. या दोघींनी नवऱ्यांना मीटिंगच्या दारात थांबवलं. एकीचा नवरा अजून रुसलेला आहे.

मुठाकाठचा

शेवंताताई दंडवत! "देवळाला रंग दिला होता, तरी" 😂 यावर वेगळा धागा काढा हो. आणि दुसऱ्या खेपेला नेमकं काय बदललं? यादी की गाडी?

शेवंता_७१

यादी. गाडी पहिल्या खेपेला पण होती.

अनाडी_नंबरवन

बिनविरोधवर कुणीतरी बोला रे. राज्य निवडणूक आयोगाचा २०१८ चा आदेश आहे की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर कुणीच विजयी नाही, फेरनिवडणूक घ्यायची. पुणे जिल्ह्यातल्या बोरी ग्रामपंचायतीत नोटाला ८५ टक्क्यांच्या वर मतं पडलेली, तसल्या प्रकारांमुळेच तो आदेश आला. लोकसभा-विधानसभेला हे लागू नाही बरं का, तिथे नोटा म्हणजे नुसता निषेधाचा टिळा. पण बिनविरोध झालं की मतदानच नाही, मग नोटा कुठून देणार? माघार घ्यायला लावायची आणि मोकळं व्हायचं. एकच उमेदवार असला तरी त्याची लढत नोटाशी लावा, बघू मग किती बिनविरोध होतात.

बाकी धागा आवडला. पण मला तरी उमेद बिमेद काही वाटत नाही, राग येतो, आणि रागाने मी मत देतो. चालतं का ते या धाग्यावर?

मुठाकाठचा

पळतं! रागाने दिलेलं मत पण चारही बटणं दाबूनच द्या, नाहीतर खडूफळा सर हाक मारतील.

मेलबर्नचा_मावळा

इकडची गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून मतदान सक्तीचं. फेडरल निवडणुकीला गेला नाहीत आणि कारण दिलं नाहीत तर २० डॉलर दंड. शनिवारी मतदान, शाळेच्या आवारात पालकसंघाचे लोक सॉसेज भाजून विकतात, लोक पोरंबाळं आणि कुत्री घेऊन येतात, एखाद्या जत्रेला आल्यासारखे. आणि पसंतीक्रम, म्हणजे सगळ्या उमेदवारांना एक दोन तीन नंबर द्यायचे. त्यामुळे पडणाऱ्या उमेदवाराला दिलेलं मत वाया जात नाही, ते तुमच्या पुढच्या पसंतीकडे सरकतं. तुमच्या त्या पायरीवर बसलेल्या मुलीला इकडे बरीच पहिली पसंती पडली असती असं आपलं मला वाटतं.

पण सक्तीने माणसं केंद्रावर येतात, आस्था येतेच असं नाही. माझ्या ऑफिसातला एक जण दर वेळी मतपत्रिकेवर चित्र काढून येतो. मांजराचं.

मी अजून भारतीय पासपोर्टवर आहे म्हणून मला इथे मत नाही, आणि तिकडे ६ ए फॉर्म भरून नाव लावता येतं पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं. विमानाचं तिकीट काढून कोण जातंय? म्हणजे मी दोन्हीकडून उपाशी. विरक्तांनी घरापासून पाच मिनिटांवरचं केंद्र सोडून दिलं हे वाचून जरा जीव जळला, खोटं कशाला बोलू.

दादरचा_विरक्त

पाच नाही, आठ मिनिटं. बाकी जीव जळला ते ठीक, सॉसेज ठेवा मग बघू.

पळसफूल

मी मूळची गडचिरोलीची, आता नागपुरात. हा धागा वाचताना धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सारखं आठवत होतं. बऱ्याच जणांना "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" एवढी घोषणा माहीत असते, पण ती लोकं बसतात कशी ते बघण्यासारखं आहे. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला. शहरातल्या माणसाला वाटतं असं केलं तर काहीच व्हायचं नाही. पण त्याच गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि बांबू हा गवत की झाड यावर सरकारशी भांडून २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा हक्क घेतला. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते वाहतूक पास द्यायला. हक्काचा कागद हातात असूनही बांबू बाहेर न्यायचा पास मिळत नव्हता, त्यासाठीची ती लढाई.

त्यांच्याकडे अभ्यासगट असतात. ग्रामसभेत विषय यायच्या आधी त्या विषयाचा कायदा, कागद, नकाशा चार लोक मिळून वाचतात, बाहेरचा जाणकार लागला तर बोलावतात, पण निर्णयाला तो बसत नाही. मुठाकाठचा, तुमच्या काकूंची वही हा अभ्यासगटच झाला की.

मी काही हे सगळं गोड करून सांगत नाहीये. जिल्ह्यात बाकी काय चाललंय ते पण बघते मी. खाणी, रस्ते, कोण कुणाला विचारून करतंय. पण मला जेव्हा केव्हा वाटतं की आपल्या लोकांना लोकशाही झेपत नाही, तेव्हा ते गाव आठवतं आणि तोंड बंद होतं.

सह्यकडा

पुणेकरांना दोन कामाच्या गोष्टी सांगतो, मी यात बरीच वर्षं आहे.

एक, नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक. पुण्यात २००६ पासून आहे. आपल्या भागातलं पाच लाखांपर्यंतचं काम नागरिकाने सुचवायचं, क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन अर्ज. दर वर्षी मुदत जाहीर होते, पेपरात कोपऱ्यात बातमी येते, नीट बघावं लागतं. बहुतेक लोक काय सुचवतात? बाकडी. अहो शहरात बसायला माणसं कमी पडतील इतकी बाकडी झालीत, प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव. तुमच्यासारख्यांनी आकड्यासकट काहीतरी सुचवलं तर नाकारणाऱ्याला कारण तरी शोधावं लागेल.

दोन, सोमवार. दुपारी ३ ते ५ या वेळात महापालिका आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत नागरिकांना फायली बघायला द्यायच्या असा राज्य सरकारचा २०१८ चा आदेश आहे. पद्धत पुण्यातून सुरू झाली. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचं तिकीट लावा, तीस दिवस थांबा, या सगळ्याच्या आधी नुसतं जाऊन फाईल बघायची. पाण्याच्या टेंडरची फाईल एकदा उघडून बसा, टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा जास्त करमणूक होईल. जाताना एकट्याने जाऊ नका आणि आवाज चढवू नका. आम्ही सुरुवातीला तावातावाने जायचो. आता डबा घेऊन जातो. शेजारच्या टेबलावरचा क्लार्क स्वतःहून सांगतो कुठलं पान बघा म्हणून.

विरक्तांचा मुद्दा मात्र मला पटतो. चारच्या प्रभागात जबाबदारी पातळ होते. त्याला उतारा म्हणजे क्षेत्रसभा, कायद्यात तरतूद आहे, जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेच्या पैशासाठी २००९ च्या सुमारास घातली होती. कायद्यात आहे, जमिनीवर नाही. गावाला ग्रामसभा आहे आणि शहराला काहीच नाही. मुठाकाठचांचं गाव शहरात आलं आणि ग्रामसभेचा हक्क हरवून बसलं, हे कुणी बोलतच नाही.

मुठाकाठचा

सह्यकडा, हे शेवटचं वाक्य मी ग्रुपवर टाकलं आणि तिथे कालपासून हेच चालू आहे. जुने गावकरी म्हणतात ग्रामसभेला तरी कोण येत होतं, कोरम नाही म्हणून तहकूब आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पाच जणांत ठराव. सोसायटीवाले म्हणतात आम्हाला कुणी बोलावलंच नाही. दोघांचंही खरंय. गंमत म्हणजे हे दोन गट एकमेकांशी पहिल्यांदाच बोलतायत, आधी नुसतं टँकर कुणाच्या दारात आधी उभा राहिला यावर वाद.

पळसफूल, अभ्यासगट हा शब्द काकूंना सांगितला. "मग गटाला चहा कोण देणार" म्हणाल्या.

विरक्त, तुम्ही लिहिलंत ते काकूंवर अवलंबून असल्याचं, ते माझ्या पण डोक्यात आहे. त्यांचे गुडघे गेलेत, मुलगा बंगलोरला बोलावतोय. आता कॉलेजच्या तीन पोरी सकाळची टेस्ट करतात. यातली एक अठरा वर्षांची झाली ऑगस्टमध्ये आणि महापालिकेला १ जुलै २०२५ ची यादी धरलेली, त्यामुळे तिला मत देता आलं नाही. जाम चिडलीय. तिच्याएवढा चिडलेला मतदार मी अजून पाहिला नाही.

खडूफळा

तिला सांगा आता वर्षातून चार तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण असलं तरी आगाऊ अर्ज करता येतो. तिने सहा नंबरचा फॉर्म भरला का?

मुठाकाठचा

भरला, ऑनलाइन. बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारे, घरी येऊन गेले. माझा स्वतःचाच पत्ता अजून कसबा पेठेतला निघाला, महापालिकेला म्हणूनच मी आमच्या प्रभागात नाही, तिकडे जाऊन मत दिलंय! सकाळी साडेसातची रांग तिकडची. आता मला कुठला फॉर्म?

दादरचा_विरक्त

थांबा थांबा. म्हणजे ती पोरगी ज्या प्रभागात पडली तिथे तुमचं मतच नव्हतं? आणि धाग्याचं नाव आमच्या गावाला पहिल्यांदाच नगरसेवक?

मुठाकाठचा

गावाला मिळालेच की. मला मिळायचेत. बायकोचं नाव आहे तिथे, तिने दिलं.

खडूफळा

आठ नंबर. पत्ता बदलायला आठ. विजेचं बिल जोडा आणि जुन्या कार्डाचा नंबर हाताशी ठेवा, बिल बायकोच्या नावावर असेल तर आधार चालेल पण त्यावर पण पत्ता नवा हवा, तो बहुतेक तुमचा नसणारच.

दादरचा_विरक्त

माझं पण नाव लोअर परळच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर आहे का बघायला हवं, चाळ पडून दहा वर्षं झाली. आठ नंबरच ना?

शेवंता_७१

आठच. आणि वहिनींचं नाव पण बघा, बायकांची माहेरच्या यादीत राहून जातात.